‘परत चालेल का?’: एका अंदाजाची कुळकथा

तोरणमाळहून रुग्ण खाली आणायचा म्हणजे घाट उतरून शहादा, मग नंदुरबार, पुष्कळदा थेट धुळं. गाडी न पोचणाऱ्या पाड्यावरून तर आधी बांबूची झोळी. कमरेखालचं अंग एकाएकी लुळं पडलेल्या तरुणाला असं आणलं, की घरचे एकच विचारतात, ‘हा परत चालेल का?’

मज्जारज्जूला सूज आली की पायांतलं बळ जातं, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, लघवी अडते. डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर असं: तिघांतला एक बरा होतो, एकाला थोडं अधूपण राहतं, एक फारसा सुधारत नाही.

या उत्तराचं मूळ जुन्या केसपेपरांत आहे. १९४८ साली इंग्लंडमधल्या सचेट-के यांनी न्यूमोनियानंतर पाय गेलेल्या रुग्णाबद्दल लिहिताना या आजाराला ‘अक्यूट ट्रान्सव्हर्स मायलायटिस’ म्हटलं. १९५३ मध्ये पेन आणि बायर्स यांनी २५ मुलांच्या नोंदी तपासून कोण कितपत सुधारलं याच्या पायऱ्या लावल्या. १९६३ मध्ये अल्ट्रोची यांनी ६७ रुग्ण मांडले. अशाच मोजण्यांतून तिघांचा हिशेब रुळला.

पण हा हिशेब गर्दीचा आहे. समोरचा मुलगा तिघांतला कितवा, हे त्यातून कळत नाही. तिथवर नेणारी वाट बॉस्टनमध्ये १९७८ साली सापडली. रॉपर आणि पॉस्कान्झर यांनी ५२ रुग्णांची सुरुवातीची लक्षणं आणि पुढचं आयुष्य शेजारी ठेवून पाहिलं. दुखणं काही तासांतच टोकाला गेलेलं असेल आणि पाठीत सणक उठलेली असेल, तर पुढचं चित्र बहुधा वाईट. दिवसादिवसानं चढत गेलेलं असेल, तर आशा जास्त. एमआरआय अजून दवाखान्यात आलेलाच नव्हता. खाटेशी बसून विचारलेल्या प्रश्नांवर हे उभं राहिलं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

लखनौच्या संजय गांधी संस्थेत कलिता आणि मिश्रा यांनी १९९८ मध्ये पायांतल्या बळाला मज्जातंतूंच्या विद्युत चाचण्यांची जोड दिली. २००४ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये रक्तातलं एक प्रतिपिंड सापडलं. ते असेल तर आजार उलटण्याचा धोका मोठा, औषध दीर्घकाळ. तेव्हा स्पष्ट झालं की जुन्या तीन हिश्शांत निरनिराळे आजार एकत्र मोजले गेले होते. म्हणून ‘तिघांतला एक’ हे पहिल्याच दिवशी नातेवाइकांना ऐकवू नये, असं मला ठामपणे वाटतं. सुरुवातीला पाय पूर्ण सैल पडतात, त्यावरूनही घाईनं निकाल देऊ नये.

पाड्यावरच्या आशाताईंना आणि घरच्यांना विनंती आहे. झोळी उचलताना चिठ्ठीवर एवढं लिहा: पाय केव्हा जड झाले, उभं राहणं केव्हा थांबलं, पाठ दुखली का, शेवटची लघवी केव्हा झाली. ती चिठ्ठी रुग्णासोबत धुळ्यापर्यंत जाऊ द्या.