तुम्ही कुठल्या सालचे?

वर्सोव्याजवळच्या लोखंडवाला संकुलाचं नाव निघालं की अनेकांना १६ नोव्हेंबर १९९१ आठवतो. त्या दिवशी 'स्वाती' इमारतीत माया डोळससह सात जण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. २००७ साली त्यावर सिनेमाही आला. हिंसा म्हणजे अशी, आवाज करणारी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला मात्र या शहरातली दुसरीच एक हिंसा जास्त खोलवरची वाटते. तारखेची.

मुंबईत गरिबाला कुठून आलास यापेक्षा कधी आलास हे सिद्ध करावं लागतं. १९७६ साली सरकारनं झोपडपट्ट्यांची गणना केली, फोटोपास दिले. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना उठवून गावी धाडायचा हुकूम काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला (ऑल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे). जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं न्यायालयानं मान्य केलं. पण लोकांना हटवता येईल, हेही म्हटलं. फक्त पावसाळा सरू द्या. आणि ज्यांच्याकडे १९७६ चं ओळखपत्र आहे, त्यांना पर्यायी जागा द्या. म्हणजे हक्क सगळ्यांना, जागा मात्र तारीखवाल्यांना!

पुढे ही तारीख १ जानेवारी १९९५ झाली. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं ती २००० पर्यंत नेण्याचं आश्वासन दिलं. निवडणूक झाली आणि डिसेंबरपासून बुलडोझर फिरू लागले. मुंबईचं शांघाय करायचं होतं ना! दोन-तीन महिन्यांत ८० हजारांहून जास्त झोपड्या पाडल्या गेल्या, लाखो माणसं उघड्यावर आली. २००० ची तारीख कायद्यात यायला २०१४ उजाडलं. एवढ्या वर्षांत ज्यांचं घर गेलं, त्यांचा गुन्हा काय? मुंबईत उशिरा आले, एवढाच.

आता वर्सोव्याकडेच पाहा. इथे सगळ्यांत आधीचे कोळी. त्यांच्या तारखेला कुणाची तारीख पुरणार नाही. तरी कोळीवाड्यांना 'आम्ही झोपडपट्टी नाही' हे ओरडून सांगावं लागलं आणि सीमांकनासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. लोखंडवाला तर १९८० च्या दशकात खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालून उभं राहिलं. तिथल्या रहिवाशांना कुणी विचारत नाही, तुम्ही कुठल्या सालचे? त्यांच्याकडे खरेदीखत असतं. कामवाल्या बाईकडे, वॉचमनकडे असतं जुनं रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, विजेचं बिल. तेही पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं.

मंडळी, आपणही कुणी इथले मूळचे नाही. आपले आजोबा-पणजोबा कोकणातून, घाटावरून एक ट्रंक घेऊन आले आणि गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकून राहिले. त्यांच्यापुढे कुणी तारीख धरली नाही, म्हणून आज आपण 'मुंबईकर' आहोत. 'ही गर्दी कुठून आली' असं आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलावर कुणी म्हणालं, की मला ती ट्रंक आठवते. मग गप्प बसवत नाही.