साहाय्य-फाईल : लेखकापासून सर्व्हरपर्यंत

साहाय्य-फाईल : संगणकावरील एखादी आज्ञावली कशी वापरावी, तिच्यातील कोणत्या आदेशाने काय घडते आणि चूक झाल्यास काय करावे, हे वापरकर्त्याला त्याच पडद्यावर सांगणाऱ्या मजकुराच्या फाईलीस साहाय्य-फाईल म्हणतात. मजकूर लिहिणारा लेखक, तो आज्ञावलीस जोडणारा आज्ञावलीकार आणि वाचकास तो पुरविणारा सर्व्हर हे तीन वेगवेगळे घटक आहेत. त्यामुळे फाईल एकाकडून दुसऱ्याकडे कशी पोहोचते, यावर तिची उपयुक्तता अवलंबून असते. मजकूर बिनचूक असला, तरी तो जुन्या आवृत्तीचा असेल किंवा अपुरा पोहोचला असेल, तर वापरकर्त्याची दिशाभूल होते.

पूर्वपीठिका : मजकूर लिहिणारा व तो पोहोचविणारा यांतील अंतर संगणकाच्या आधीपासूनचे आहे. पूर्वी औंध संस्थानात व पुढे सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत समाविष्ट झालेल्या आटपाडी येथील लेखक शंकरराव खरात यांच्या तराळ-अंतराळ (१९८१) या आत्मचरित्राच्या नावातील तराळ हा असाच वाहक होता. सरकारी निरोप व कागद तो गावोगाव पायी पोहोचवीत असे. मजकुरात बदल करण्याचा अधिकार त्याला नव्हता. परंतु कागद वेळेवर न पोहोचल्यास बोल मात्र त्याच्यावर येई. संगणकाच्या युगात हे काम यंत्रांकडे गेले, तरी विलंब आणि जबाबदारी यांचे प्रश्न कायम राहिले.

प्रारंभ : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ रोजी निघाली. प्रत्येक आदेशाच्या पानावर त्याची जबाबदारी असणाऱ्याचे नाव आणि आदेशातील ज्ञात दोष यांची नोंद असे. येथे लेखक व आज्ञावलीकार बहुधा एकच असल्याने वहनाचा प्रश्न फारसा उद्‍भवत नसे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत असताना एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल पाठविण्याचे नियम मांडले. एफटीपी या नावाने रूढ झालेली ही पद्धती पुढे १९९० नंतरच्या दशकात वेब सर्व्हरवर पाने चढविण्याचे प्रमुख साधन ठरली.

लेखक व आज्ञावलीकार यांची फारकत : वैयक्तिक संगणकांच्या प्रसाराबरोबर साहाय्य-लेखन हा स्वतंत्र व्यवसाय झाला. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये लेखक शब्दसंस्करकावर मजकूर तयार करी व विशेष संकलकाद्वारे त्याची एकच बंद फाईल बनवी. प्रत्येक विषयास एक क्रमांक दिलेला असे आणि पडद्यावरील त्या-त्या ठिकाणी आज्ञावलीकार तोच क्रमांक नोंदवी. दोघांच्या याद्या जुळल्या नाहीत, तर वापरकर्त्याने एक विचारावे आणि पडद्यावर भलतेच उत्तर यावे, असे घडे. १९९७ मध्ये एचटीएमएल पानांची संकोचित फाईल प्रचारात आली. २००५ मधील एका सुरक्षा-सुधारणेनंतर मात्र जाळ्यावरील सामाईक जागेतून अशा फाईलीचा मजकूर उघडेनासा झाला. २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये तर जुन्या साहाय्य-फाईली उघडणारी आज्ञावलीच अंतर्भूत नव्हती. मजकूर शाबूत असूनही वाचनाचे साधन गेल्याने तो निरुपयोगी होऊ शकतो, हे यावरून स्पष्ट झाले.

सर्व्हरवरील वितरण : साहाय्य सर्व्हरवर ठेवल्यास एकदा केलेली दुरुस्ती सर्व वाचकांपर्यंत तत्काळ पोहोचते, हा मोठा लाभ होय. परंतु एका फाईलीऐवजी शेकडो पाने व चित्रे पाठवावी लागतात आणि त्यांतील एक राहिले, तरी दुवे तुटतात. फाईलीच्या रोमन नावातील लहान व मोठी अक्षरे विंडोज सामान्यतः एकच मानते, युनिक्स वर्गातील सर्व्हर भिन्न मानतात. म्हणून लेखकाच्या संगणकावर उघडणारे पान सर्व्हरवर सापडत नाही. यावर उपाय म्हणून मजकूर व आज्ञावली एकाच आवृत्ति-भांडारात ठेवण्याची प्रथा पडली. २००५ मध्ये आलेल्या गिट या प्रणालीने कोणी, केव्हा व काय बदलले याची साखळी जपणे सुलभ केले. आज्ञावलीची नवी आवृत्ती तयार होतानाच साहाय्याची पानेही यंत्राकडून तयार होऊन सर्व्हरवर जाऊ लागली.

मराठीतील स्थिती : मराठी मजकुराच्या मार्गात आणखी एक अडथळा होता. अनेक फाँटांची संकेतनप्रणाली वेगवेगळी असल्याने एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. वाई (जि. सातारा) येथे सिद्ध होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा प्रवास या दृष्टीने उद्‍बोधक आहे. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये छापला गेला. २००७ मध्ये पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या साहाय्याने प्रकाशित खंडांच्या तबकड्या निघाल्या आणि २०११ पासून खंड युनिकोडमध्ये महाजालावर येऊ लागले.

भाषांतरित मजकुरासाठी १९९५ पासून प्रचारात आलेली गेटटेक्स्ट ही व्यवस्था महत्त्वाची आहे. मूळ इंग्रजी वाक्य बदलले, की तिच्यात जुन्या भाषांतरावर संदिग्धतेची खूण होते आणि ते पुन्हा तपासले जाईपर्यंत वाचकास इंग्रजी वाक्यच दिसते. चुकीच्या मराठी सूचनेपेक्षा परकी पण अचूक सूचना बरी, असे हे धोरण आहे. तथापि इंग्रजी न जाणणाऱ्यास त्यातून काहीच हाती लागत नाही.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागले. आटपाडीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील डाळिंब-उत्पादकाच्या सातबाऱ्यावरील पीक आता पडद्यावरील सूचना त्याला किती समजल्या, यावरही अवलंबून असते. आज्ञावली बदलली आणि सूचना जुन्याच राहिल्या, तर नोंद चुकते आणि त्याची झळ लेखकास वा आज्ञावलीकारास नव्हे, तर शेतकऱ्यास बसते. साहाय्याचा मजकूर आज्ञावलीबरोबरच, तिच्याच आवृत्तीचा आणि वाचकाच्या भाषेत पोहोचणे हा त्यामुळे सार्वजनिक सेवेचाच एक भाग ठरतो.