पणजोबांच्या पलीकडे



आपणां सर्वांना एक साधा प्रश्न विचारून आम्ही आजच्या विषयाला आरंभ करतो. आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव काय? हा प्रश्न आम्ही स्वतःला प्रथम विचारला, तेव्हा आम्हालाही उत्तर आले नाही. श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. माणसाची घरगुती स्मृतीही बहुधा तेवढ्यावरच थांबते. त्यापलीकडचा पूर्वज ज्याला हवा असेल त्याला कागदाकडे जावे लागते. म्हणून कुळाचा शोध हा मुख्यतः कागदाचा शोध होय. कागद गेला की माणूस दुसऱ्यांदा मरतो, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

केळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर वसलेल्या या जाफराबादेत हा विषय बोलण्यास एक विशेष कारण आहे. येथून थोड्या कोसांवर, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची लढाई झाली. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसतात, तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून इंग्रज सेनापतीने नदी ओलांडली. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. तो सेनापती आर्थर वेलस्ली हा जन्माने इंग्लंडचा नव्हता. त्याचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडात झाला.

या वेलस्लीच्याच कुळाचे कागद पाहू. त्याच्या घराण्यात वाढदिवस १ मे हा मानीत. परंतु डब्लिन येथील सेंट पीटर चर्चच्या नोंदवहीत त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख ३० एप्रिल अशी आहे. म्हणजे जन्माच्या आधी बाप्तिस्मा! पुढे आणखी एक अडचण येते. तरुणपणी हा मनुष्य आपले आडनाव 'वेस्ली' असे लिही. 'वेलस्ली' हे रूप त्याने १७९८ मध्ये घेतले. नवे आडनाव घेऊन जुने कागद धुंडाळणाऱ्यास तो सापडावयाचा नाही. पुढे ड्यूक झालेल्या पुरुषाची ही अवस्था, तर सामान्य शिपायाची काय असेल?

सामान्य आयरिश शिपाई मात्र पुष्कळ होते. १८३० च्या सुमारास ब्रिटिश फौजेतील शंभरांपैकी चाळीसहून अधिक शिपाई आयर्लंडात जन्मलेले होते. दारिद्र्य हेच त्याचे मुख्य कारण. पुढे १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडाले आणि जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लक्ष माणसे मेली व तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत ८१ लक्षांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लक्षांवर आली. आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत आयरिश रक्ताची कोट्यवधी माणसे आहेत, आणि आपले मूळ गाव कोणते हे शोधण्याची त्यांना मोठी ओढ आहे. बाहत्तरच्या दुष्काळात ज्यांच्या घरची माणसे पोटासाठी परगावी गेली आणि तिकडेच राहिली, त्यांना ही ओढ समजावून सांगण्याची गरज नाही.

पण त्यांच्या वाट्याला एक मोठे दुर्दैव आले. १९२२ मध्ये आयर्लंडात यादवी सुरू झाली. डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स' या न्यायालयांच्या इमारतीशेजारी देशाचे दप्तरखाने होते. ३० जून १९२२ रोजी तेथे प्रचंड स्फोट होऊन आग लागली आणि शतकानुशतकांचे कागद जळाले. १८२१ ते १८५१ या काळातील चार खानेसुमाऱ्यांचे कागद बहुतेक सगळे गेले. १८६१ ते १८९१ च्या चार खानेसुमाऱ्यांचे कागद तर सरकारनेच त्यापूर्वी नष्ट केले होते. तेव्हा दोष केवळ आगीचा नव्हता. कागदाची किंमत न ओळखणाऱ्या कचेरीचाही होता.

मग त्या लोकांनी काय केले? त्यांनी आडवाटेचे कागद धुंडाळले. शेतकऱ्यांकडून चर्चसाठी दशांश कर घेत, त्याच्या १८२३ ते १८३७ च्या याद्या होत्या. ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात जमीन व घरे यांची आकारणी झाली. तीत कोणत्या शिवारात कोण कूळ होते ते नावानिशी मिळते. या याद्या वंशावळीसाठी केलेल्या नव्हत्या, कर वसूल करण्यासाठी केलेल्या होत्या. तरी आज गरिबाचे नाव त्यांतच सापडते. गावोगावच्या कॅथॉलिक देवळांतील बाप्तिस्म्याच्या वह्या डब्लिनला गेल्याच नव्हत्या, म्हणून वाचल्या. त्यांच्या प्रतिमा २०१५ पासून कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, जळालेल्या दप्तरांच्या अन्यत्र उरलेल्या नकला जुळवून एक नवे दप्तर संगणकावर उभे करण्यात आले. यातील बोध असा की एकाच ठिकाणी ठेवलेला कागद धोक्यात असतो, आणि दोन ठिकाणी असलेला कागद बहुधा तरतो.

आता आपल्याकडे वळू. असईच्या रणात इंग्रजांच्या बाजूचे ४२८ जण ठार झाले, असा हिशेब त्यांनी लिहून ठेवला. गोऱ्या पलटणींचे हजेरीपट व पगारपत्रके जपलेली आहेत. आयर्लंडातील एखाद्या खेड्याचा मनुष्य त्यांत आपला पूर्वज शोधू शकतो. मराठ्यांच्या बाजूचे मृत व जखमी मिळून अंदाजे सहा हजार सांगतात. हा केवळ अंदाज आहे. त्या सहा हजारांत शिंद्यांच्या कवायती पायदळातील उत्तर हिंदुस्थानचे शिपाई होते, तसे आपल्या मुलखातील स्वारही होते. त्यांची नावे सांगणारी एकही यादी आमच्या पाहण्यात नाही. ज्या मातीत ते पडले त्या मातीत आज आपण पीक काढतो.

म्हणून आपल्याकडे साधनेच नाहीत असे मात्र नव्हे. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकास गेल्यावर तीर्थोपाध्याय गाव व आडनाव विचारतात आणि बाड काढून आजोबा-पणजोबांच्या हातच्या ओळी दाखवितात, हा अनुभव अनेकांना असेल. यात्रेकरूने स्वतःचे, भावांचे, मुलांचे नाव लिहावयाचे, ही चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन कुळी सांगतात. इतरत्र भाट सांगतात. वतनाच्या तंट्यांतून तर इतिहासाचे भांडारच निर्माण झाले. वतन माझे की त्याचे, हे ठरविण्यासाठी वादी आपल्या घराण्याची हकीकत लिहून देई, तिला करीना म्हणत. गोतसभेपुढे निवाडा होऊन महजर होई आणि त्यावर पाटलाचा नांगर उमटे. बलुतेदारांच्याही निशाण्या उमटत. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचीही साक्ष अशी कागदावर राहिली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून असले कागद माळ्यावरून आणि अडगळीतून बाहेर काढीत. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले, ते या पायपिटीच्या बळावर.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो. १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि आपला जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. राज्य बदलले की दप्तर हलते. त्यामुळे एकाच घराण्याचा कागद तहसिलीत, जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी आणि थेट हैदराबादेच्या अभिलेखागारात असा विखुरलेला असू शकतो. शिवाय दरबारची भाषा आधी फारसी होती, १८८० नंतरच्या दशकात उर्दू झाली, आणि गावचा हिशेब मोडीत. आजोबांचे नाव समोर असूनही नातवाला ते वाचता येत नाही, ही आपली खरी अडचण आहे. डब्लिनचे कागद आगीने गेले. आपले कागद डोळ्यांदेखत मुके झाले.

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही, हे या जिल्ह्यात तरी कोणास सांगावयास नको. २०२३ मध्ये आरक्षणाच्या मागणीतून जुन्या कुणबी नोंदींचा प्रश्न पुढे आला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खासरा पाहणीपत्रके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांची बासने सोडली गेली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्याला एकाएकी मान आला. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने किंवा मास्तराने सहज लिहिलेल्या एका शब्दावर आज नातवाचे शिक्षण अवलंबून असू शकते, एवढे त्यावरून दिसले.

शोध करू इच्छिणाऱ्यास दोन-तीन सूचना करून आम्ही आटोपते घेतो. आरंभ स्वतःपासून करावा आणि एकेक पिढी मागे जावे. एखादा पराक्रमी पुरुष आधी निवडून त्याच्यापासून आपल्यापर्यंत खाली उतरू नये. त्या वाटेने गेलेला मनुष्य बहुधा खोट्या वंशावळीला पोहोचतो. आडनावावर फार विसंबू नये. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही मुळात वतनाची नावे आहेत. वतन मिळाले की जुने आडनाव मागे पडे. वेलस्लीचे उदाहरण आपण पाहिलेच. आडनावापेक्षा गाव व शिवार घट्ट धरावे. आणि जे सापडेल ते न आवडणारे असले तरी खोडू नये. कर्ज, तंटा, दुष्काळात विकलेली जमीन, हाही घराचा इतिहासच आहे.

शेवटची सूचना स्त्रियांविषयी. आयर्लंडातील सरकारी जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते. त्या एका शब्दाने दुसरे सबंध कूळ उघडते. आपल्या वंशावळी मात्र बापाकडून मुलाकडे अशा पुरुषांच्याच ओळीने जातात. लग्नात नाव बदललेली पणजी त्या ओळीतून नाहीशी होते. तिचे माहेरचे नाव आणि गाव आज सांगू शकेल अशी एखादी वृद्ध स्त्री अजून आपल्या घरात असेल. तिचे कागद कोणत्याही दप्तरात नाहीत. ती स्वतःच ते दप्तर आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करावे. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसावे, वही उघडावी, आणि पणजोबांचे व पणजीचे नाव, दोघांची गावे, ती कोठून आली हे सारे लिहून घ्यावे. त्याची एक नकल करावी आणि ती परगावी असलेल्या भावाच्या किंवा लेकीच्या घरी ठेवण्यास द्यावी.