पेरेंटी ते जी-वॅगन : ऑस्ट्रेलियन भूसेनेतील वाहनबदल

ऑस्ट्रेलियन भूसेनेने लँड रोव्हर ‘पेरेंटी’ या जुन्या गाड्या निवृत्त करून मर्सिडीज-बेंझ जी-वॅगन सेवेत घेतल्या. ‘लँड १२१’ या व्यापक वाहनखरेदी प्रकल्पाचा हा भाग होय. मूळ आराखडा ब्रिटिश असला, तरी पेरेंटीची बांधणी सिडनीच्या मूरबँक उपनगरात होई. १९८७ मध्ये ती सेवेत आली. देशातील सर्वांत मोठ्या घोरपडीचे नाव मिळालेल्या या गाडीत इसुझूचे ३.९ लिटरचे डिझेल इंजिन होते : संथ, गोंगाटी, पण विलक्षण चिवट. तिच्या सहाचाकी आवृत्तीवरून विशेष दलांनी वाळवंटात लांब पल्ल्याची गस्त घातली.

जी-वॅगनची मागणी २००८ मध्ये नोंदवली गेली. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे बनलेल्या दोन हजारांहून अधिक गाड्या आल्या. मागील मालवाहू सांगाड्यांचे काम मात्र ऑस्ट्रेलियन उद्योगांना मिळाले. स्वयंचलित गिअर आणि तीन डिफरन्शियल लॉक यांमुळे नवख्या चालकालाही चिखल-वाळूतून वाट काढणे सोपे जाते. संपूर्ण गाडी देशातच बांधण्याचे कौशल्य हातून गेले, ही या बदलाची खरी किंमत मानावी लागेल. निवृत्त पेरेंटी लिलावात विकल्या गेल्या आणि हौशी संग्राहकांनी त्या आवडीने घेतल्या.