दुसरी बरणी

सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास बहुधा राण्यांच्या नावाने सांगतात. मला तो बरण्यांच्या हिशेबाने सांगावासा वाटतो. आज न्हाणीघराच्या फळीवर अर्धवट वापरलेल्या दहा-बारा बाटल्या आणि ट्यूबा सहज दिसतात. ही गर्दी झाली कशी?

कोल्ड क्रीमची पहिली कृती दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर सांगितली जाते. मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी. पाणी उडताना त्वचेला गारवा लागतो, म्हणून ते 'कोल्ड'. पण तेल खवट व्हायचं, त्यामुळे लागेल तेवढंच करणं भाग होतं. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? हळद, डाळीचं पीठ, साय. माझी आई बोटभर साय चेहऱ्याला लावी, बाकीची विरजणात जाई. वाया जाण्याजोगं त्यात काही नव्हतंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनस्पती तेलाच्या जागी खनिज तेल आलं. ते खवटत नाही. क्रीम महिनोन्‌महिने टिकू लागलं, कारखान्यातून दूरदेशी जाऊ लागलं. टिकतं म्हणून साठवता आलं. पुढच्या साऱ्या पसाऱ्याचं मूळ मला इथं दिसतं.

तरीही एका चेहऱ्याला एक बरणी पुरत होती. ही 'अडचण' जाहिरातीने सोडवली. पॉण्ड्स ही १८४६ साली न्यूयॉर्क राज्यात औषधी अर्कापासून सुरू झालेली कंपनी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिने दोन क्रीम जोडीने मांडली. रात्री चेहरा स्वच्छ करायला कोल्ड क्रीम आणि दिवसा बाहेर पडताना व्हॅनिशिंग क्रीम. एकीचं काम दुसरी करू शकत नाही, हे बायकांना पटवण्यात आलं. १९२०च्या दशकात तर रुमानियाची राणी मारी हिची शिफारसही छापून आली. यमक जुळवावं तशी बरणीला बरणी जुळवलेली! कवी म्हणून दाद देतो. गिऱ्हाईक म्हणून नाही. दोनाचं पुढे टोनर, सीरम, डोळ्यांखालचं क्रीम असं वाढत गेलं.

मुंबईत इ. एस. पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' गाजला, १९५२ मध्ये लॅक्मे आली. पण तेव्हा क्रीम पुरवून वापरत आणि रिकाम्या बरणीत सुया-बटणं ठेवत. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि ही सवय मोडत गेली.

युरोपीय संघाने २००३ मध्ये एक नियम केला, तो २००५ पासून लागू झाला. तीस महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या प्रसाधनावर, उघडल्यानंतर ते किती महिने वापरावं हे छापायचं. उघड्या बरणीचं छोटं चित्र आणि त्यात '१२ एम' असा आकडा. आपल्याकडच्या अनेक डब्यांवरही तो सापडेल. झाकण उघडलं की घड्याळ सुरू! दहा बरण्या उघडल्या तर दहा घड्याळं चालू होतात, चेहरा मात्र तेवढाच राहतो.

मुदत संपली की बाटली कचऱ्यात. तिच्या पंपात बहुधा प्लास्टिकबरोबर धातूची बारीक स्प्रिंग असते. ती सुटी केल्याशिवाय प्लास्टिक नीट वितळवता येत नाही, आणि आतलं क्रीम धुऊन काढलं तर ते गटारात जातं.