पॅकेजांचे शाखामूळ : एक साधनचिकित्सा

सिरोंचा तालुका आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, एवढ्यावरून त्याचे पूर्ववृत्त कळत नाही. इ. स. १८६० मध्ये तो निजामाकडून इंग्रजांकडे आला, अप्पर गोदावरी जिल्ह्यात राहिला, १८७४ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला आणि १९८२ मध्ये चंद्रपूरच्या विभाजनाने गडचिरोलीत गेला. राजुऱ्याचा मार्ग निराळा : आदिलाबाद, १९५६ मध्ये नांदेड, १९५९ मध्ये चांदा. आजच्या यादीत तालुक्याचे नाव असते. तो कोठून आला, हे तीत नसते.

लिनक्स संगणकावर बसविलेल्या पॅकेजांविषयी हाच प्रश्न उभा राहतो. डेबियन ही प्रणाली इयान मरडॉक याने १९९३ मध्ये सुरू केली. तिच्या स्थिर व अस्थिर शाखांच्या दरम्यान २००० मध्ये 'टेस्टिंग' ही तिसरी शाखा आली. स्थिर शाखेच्या यंत्रावर एखादे पॅकेज टेस्टिंगमधून घेतले, तर स्थिर शाखेसाठी निघणाऱ्या सुरक्षादुरुस्त्या त्यास लाभतीलच असे नाही. सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्याने तेथेही हा शोध निव्वळ जिज्ञासेचा राहत नाही.

ज्या नोंदवहीवर भिस्त ठेवावयाची, ती 'डीपीकेजी'ची स्थितिनोंद होय. तीत पॅकेजाचे नाव, आवृत्तिक्रमांक व अवलंबने आहेत, शाखा नाही. 'ॲप्ट' देतो ते उत्तर वस्तुतः अनुमान आहे. बसविलेला क्रमांक तो संग्रहांच्या सध्याच्या याद्यांशी ताडून पाहतो. परंतु अस्थिर शाखेतील पॅकेज, गंभीर नवा दोष न आढळल्यास, काही दिवसांनी त्याच क्रमांकाने टेस्टिंगमध्ये उतरते. मग दोन्ही याद्या सारखीच साक्ष देतात, आणि त्या साक्षीवरून निर्णय करणे धाडसाचे ठरते.

क्रमांकातील खूण अधिक बोलकी. 'बॅकपोर्ट्स' संग्रहातील पॅकेजांच्या क्रमांकात 'बीपीओ' ही अक्षरे असतात. त्यांआधीचे नागमोडी चिन्ह क्रमवारीत सर्वांत खालचे मानले जात असल्याने पुढील स्थिर आवृत्तीतील तेच पॅकेज वरचढ ठरते. तथापि खूण म्हणजे बांधणाऱ्याचे विधान; ती अक्षरे बाहेरचा कोणीही लिहू शकतो.

कालांतराने याद्या पुढे सरकतात, जुना क्रमांक त्यांतून नाहीसा होतो आणि यंत्राची स्वतःची नोंद हाच एक साक्षीदार उरतो. अशा वेळी डेबियनच्या 'स्नॅपशॉट' संग्रहाकडे वळावे लागते. तेथे २००५ पासूनच्या याद्या तारीखवार जपल्या आहेत. डीपीकेजीच्या दैनंदिनीतून पॅकेज बसविल्याची तारीख मिळाल्यास शोध बराच आटोक्यात येतो. मात्र ती दैनंदिनी ठराविक काळाने पुसली जाते.