बांध झाला, उघाडीचं काय?

मुंबई महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यात अभियंता म्हणून माझी नोकरी झाली, पण पाणी मी शिकले ते माहेरी. पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठी आमची खारी शेती. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध आणि त्या बांधात उघाडी. उघाडीला लाकडी झडप असायची. भरती आली की खाडीच्या रेट्यानं ती आपोआप मिटायची आणि ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं. झडपेत ओंडका अडकला तर वडील भर पावसात कंदील घेऊन धावत. बांधाला खांड पडली तर सगळा गाव धावे. उघाडीशिवाय बांध घालायचा, ही कल्पनाच आमच्याकडे कुणाला सुचली नसती.

मुंबईचा इतिहास मी याच नजरेनं वाचते. वरळी आणि मुंबई या दोन बेटांच्या मध्ये समुद्राला एक मोठी खांड मोकळी होती. भरतीचं पाणी तिथून आत शिरे आणि महालक्ष्मी, भायखळा करत पार पायधुणीपर्यंत पोचे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात ही खांड बुजवायचं काम झालं आणि 1784च्या सुमारास बांध पुरा झाला. आज त्यावरून लाला लजपतराय मार्ग जातो. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, रामजी शिवजी प्रभू यांना देवीनं दृष्टान्त दिला, मूर्ती समुद्रातून वर काढल्या आणि मगच बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी ते काम किती कठीण होतं हे तिच्यातून कळतं.

समुद्र बाहेर राहिला, पण आतली जमीन वर आली नाही. खाडीचा तळ होता तसाच खोलगट राहिला. त्यावर आधी शेती, मग वस्ती, मग गिरण्या आणि चाळी झाल्या. 1838मध्ये कुलाब्याचा कॉजवे झाला. 1845मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा झाला. बेटं जोडली गेली आणि पाण्याच्या वाटा एकेक करून बुजल्या. त्या खोलगट पट्ट्यात पडणारा पाऊस भरतीच्या वेळी कुठं जाणार, हा प्रश्न तेव्हापासून शहराच्या मानगुटीवर आहे. वरळीच्या लव्हग्रोव्हला फाटकं आली, पुढं पंप आले. आमच्या उघाडीचंच काम ते, फक्त शहराएवढं मोठं.

खात्यात काम करताना एक आकडा मला पाठ झाला. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या 186 पातमुखांपैकी 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. 135 त्या पातळीच्या वर असली तरी भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्याही वर फक्त 6. म्हणजे उधाण आलं की जवळजवळ सगळ्या शहराचं दार समुद्रच बाहेरून लावून घेतो. जुन्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढंच गृहीत धरून बांधलेल्या. 1985च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि 1993च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानं ही क्षमता दुप्पट करायला सांगितलं. अहवाल कपाटात राहिला आणि शहर वाढत गेलं.

मग 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला जेमतेम 74. दुपारी पाऊस ऐन जोरात असताना समुद्राला मोठी भरती होती. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी नदी विमानतळाखाली आधीच आवळली गेली होती. तिच्या मुखाजवळच्या खाजणावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं होतं. कुर्ला, कलिना, सायन पाण्याखाली गेलं. शेकडो माणसं दगावली. माधवराव चितळे यांच्या समितीनं नंतर कारणं तपासली. त्यांतली बहुतेक आमच्या गावच्या शेतकऱ्यालाही समजतील अशी होती: वाट अरुंद झाली, गाळ साचला आणि पाण्यानं थांबायची जागा गेली.

त्यानंतर हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथं पर्जन्य उदंचन केंद्रं उभी राहिली. हिंदमाताजवळ जमिनीखाली साठवण टाक्या आल्या. ही कामं मोलाची आहेत आणि ती चालवणारे कामगार भर पावसात रात्रपाळ्या करतात. पण पंप पाणी फक्त पलीकडं टाकतो. पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर पाण्याला चार-सहा तास थांबायला जागा लागते. ती जागा म्हणजे खाजण, मिठागर आणि तिवरांची झाडी. तिवरं लाटेचा जोर मोडतात, त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात येणारी कितीतरी मासळी तिथंच वाढते. 2018मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडण्यावर राज्यभर बंदी घातली. तरी रात्री डेब्रिजचे डंपर खाडीकाठी रिकामे होतातच.

किनाऱ्यावर नवा रस्ता, नवा भराव, नवं संकुल यायचं ठरलं, की लोक किती मजले आणि किती लेन ते विचारतात. माझी विनंती आहे, आणखी दोन प्रश्न विचारा: इथलं पातमुख भरतीच्या वर आहे की खाली? आणि फाटक मिटलेलं असताना पावसाचं पाणी कुठं थांबणार? या दोन प्रश्नांची उत्तरं नकाशावर दिसत नसतील, तर त्या कामाला मंजुरी देऊ नये.